बजाजनगर हे गाव नाही

‘बजाजनगर हे गाव नाही.’ मुलाच्या निबंधाच्या वहीत बाईंनी लाल पेनानं एवढंच लिहिलं होतं आणि ‘गाव’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. विषय होता ‘माझे गाव’. लेकरू तिसरीत. त्यानं लिहिलं होतं, ‘माझ्या गावाचे नाव बजाजनगर आहे. माझ्या गावात खूप कंपन्या आहेत. माझ्या गावात मोहटादेवीचे मंदिर आहे. माझ्या गावातील लोक शिफ्टला जातात.’ मला तर वाचून बरं वाटलं होतं. बाईंना बहुतेक नदी, पार, गुरंढोरं असलं काहीतरी हवं होतं. पुन्हा लिहून आणायला सांगितलं.

मी तशी शांत बाई आहे, पण त्या दिवशी कपाट उघडून घरपट्टीची पावती बाहेर काढली. वर काय छापलंय बघा. ग्रामपंचायत वडगाव कोल्हाटी-बजाजनगर. इथं तीन-तीन मजली इमारती आहेत, बँका आहेत, लिफ्टवाले दवाखाने आहेत, आणि कारभार सरपंचाचा आहे. कायद्यानं ग्रामपंचायतीत सातपेक्षा कमी आणि सतरापेक्षा जास्त सदस्य नसतात. म्हणजे कितीही मजले चढले तरी कारभारी फार तर सतरा. २६ जानेवारीला, १ मेला ग्रामसभेची दवंडी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. आता ह्याला गाव म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पावती घेऊन अण्णांकडं गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. ते गच्चीवर पोह्याच्या पापडांची राखण करत बसले होते. त्यांनी पावती बघितली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “बाईचं काय चुकलं मग? गाव म्हणजे जिथं आपली माती आहे ते. हे काय, हा प्लॉट आहे.”

अडतीस वर्षं राहिलेला माणूस असं म्हणतो, तिथं बाईंना काय बोलायचं.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. संभाजीनगरहून, म्हणजे आम्ही अजूनही तोंडातून औरंगाबादच म्हणतो, तिथून नगर रोडनं निघालं की छावणी, नगर नाका, गोलवाडीचा रेल्वे पूल आणि मग डाव्या-उजव्या हाताला कंपन्यांची कुंपणं सुरू होतात. वाळूज एमआयडीसी. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथं सुरू झाला, राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग उद्घाटनाला आले होते. मोठी कंपनी आली की तिच्या मागं तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्या येतात. आमच्याकडं त्यांना सरसकट ‘व्हेंडर’ म्हणतात. एवढ्या सगळ्या माणसांना राहायला जागा पाहिजे, म्हणून एमआयडीसीनं राहण्याचे प्लॉट पाडले, कामगारांनी गृहनिर्माण संस्था काढल्या आणि बजाजनगर झालं. त्यामुळं आमच्या पत्त्याला गल्लीचं नाव नसतं. आरएल अमुक, आरएम तमुक, आरएच, आरएक्स. पिठाच्या गिरणीत डब्यावर आडनाव लिहायची पद्धत नाही. खडूनं ‘आरएल’ आणि पुढं आकडा. गिरणीवाले दादा आजही मला माझ्या नावानं ओळखत नाहीत, आकड्यानं ओळखतात, आणि आकड्यावरून आमच्याकडं पाहुणे आलेत हेही ओळखतात. “यंदा ज्वारी डबल झाली का वो?” म्हणून विचारतात. डबल झाली म्हणजे पाहुणे आलेत.

अण्णा गेवराई तालुक्यातले. बीडला आयटीआय केलं, फिटर, आणि १९८६ मध्ये एका व्हेंडर कंपनीच्या प्रेस शॉपला लागले. माझा जन्मही त्याच सालचा. आई म्हणते, पोरीच्या पायगुणानं नोकरी लागली. अण्णा म्हणतात, आयटीआयच्या सर्टिफिकेटानं लागली. सुरुवातीला इथल्याच, वाळूजजवळच्या जोगेश्वरीत एका खोलीत चौघं राहायचे, शिफ्ट वेगवेगळ्या म्हणून गाद्या दोनच. मग पर्मनंटचं लेटर मिळालं. मग संस्थेचा प्लॉट. मग एक खोली, तिला पत्रे. मग स्लॅब. मग वरची खोली. घर असं हप्त्याहप्त्यानं, बोनसबोनसनं वाढलं. आमच्या लेनमधल्या कुठल्याही घराकडं बघून सांगता येतं की कोणत्या साली बोनस चांगला झाला होता.

लेनमध्ये एकूण बावीस घरं. त्यातलं एकही घर ‘इथलं’ नाही. आम्ही बीडकडचे, समोर लातूरच्या काकू, शेजारी जळगावचे भाऊ, कोपऱ्यावर शेवगावचे एक तात्या, पलीकडं बुलढाण्याचे, परभणीचे. लहानपणी एकाच संध्याकाळी ‘काय करायलीस’, ‘काय करलालीस’, ‘काय करी ऱ्हायनी’ आणि ‘काय करून राह्यली’ हे चारही प्रश्न मला चार दारांतून विचारले जायचे, आणि मी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या बोलीत उत्तर द्यायचे. पुण्याला गेल्यावर माझ्या मराठीला रूममेट हसायच्या. त्यांना वाटायचं, ही मराठवाड्याची बोली. नाही हो. ही आरएल लेनची बोली आहे, ती बाहेर कुठंच मिळणार नाही.

वेळसुद्धा आमच्याकडं वेगळी होती. ‘चार वाजता ये’ असं कोणी म्हणत नसे. ‘फर्स्ट सुटल्यावर ये’ म्हणायचे. साडेतीनला फर्स्ट सुटायची, बसा मोहटादेवी चौकात थांबायच्या आणि पाच मिनिटांत सगळी लेन निळ्या-करड्या युनिफॉर्मनी भरून जायची. त्या आधीचा वेळ मात्र कठीण. दुपारी बारा ते तीन खेळायचं असेल तर आवाज न करता खेळायचं, कारण बावीसपैकी सहा-सात घरांत थर्ड शिफ्टवाले झोपलेले. आम्ही पोरं क्रिकेटसुद्धा मुक्यानं खेळायचो. आऊटचं अपील दोन्ही हात वर करून, तोंड मिटून. बॅटऐवजी धोपाटणं असलं तर आवाज जास्त होतो, म्हणून चेंडू प्लॅस्टिकचा. पुढं एकदा पुण्यातल्या ऑफिसच्या टीमबरोबर खेळताना मी सवयीनं गप्प हात वर केले, तर सगळ्यांना वाटलं मी शरण आले.

कोण कोणत्या शिफ्टला आहे हे बायकांना तोंडपाठ असायचं. नुसतं स्वतःच्या नवऱ्याचं नाही, बावीसच्या बावीस. आमच्या आईचं आणि कोपऱ्यावरच्या वहिनींचं पाण्याच्या मोटारीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं, चार वर्षं बोलणं बंद. संक्रांतीचं वाणसुद्धा एकमेकींना दिलं नाही, म्हणजे बघा. पण त्या चार वर्षांतही वहिनींच्या घरी थर्ड शिफ्ट असली की आईनं दुपारी मिक्सर लावला नाही. शेंगदाण्याची चटणी त्या आठवड्यात खलबत्त्यात, तोही मांडीवर घेऊन. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “भांडण तिच्याशी हाय. त्यांनी काय केलंय?”

लातूरच्या काकूंबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. त्या औसा तालुक्यातल्या. त्यांच्याकडं आणि धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या असते, बोलीत येळवस. त्या दिवशी घरातलं सगळं माणूस शेतात जातं, कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा करतात आणि मग जेवण. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हं. त्या दिवसांत शेतात मिळणाऱ्या ओल्या शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली ती भाजी, जिला भाजी म्हटलेलं काकूंना चालत नाही. ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील मातीच्या मडक्यात.

आता बजाजनगरात शेत आणायचं कुठून? पहिली दोन-तीन वर्षं काकू त्या दिवशी नुसत्या रडायच्या, असं आई सांगते. मग काकांनी वडगावच्या कोणा शेतकऱ्याकडून कडब्याच्या दहा पेंढ्या सायकलवर आणल्या आणि गच्चीवर कोप बांधली. सिमेंटच्या टाकीला टेकवून. पाच दगड रस्त्याच्या खडीतून निवडून, चुना लावून. तेव्हापासून आजतागायत येळवस त्या गच्चीवर असते. लेनमधली सगळी लेकरं वर. आंबील पिऊन पोरं तिथंच आडवी व्हायची. जळगावचे भाऊ दरवर्षी म्हणायचे की भरीत असतं तर बरं झालं असतं, आणि काकू दरवर्षी म्हणायच्या की तुमच्या भरताला आमच्या कोपीत जागा नाही. मी पुण्यातून फक्त दोन दिवस सुट्टी काढून यायचे. दिवाळीला नाही मिळाली तरी चालायची, येळवशीला यायचे. आम्ही बीडवाले, आमच्यात येळवस नाहीच. पण माझ्या मुलाला हे कोण समजावणार? त्याला वाटतं येळवस गच्चीवरच करायची असते. मागच्या वर्षी त्यानं काकूंना गंभीरपणे विचारलं, “ज्यांच्याकडं गच्ची नाही ते काय करतात?”

काकूंचीच आणखी एक आठवण, ती सांगावी की नाही हे कळत नाही, तरी सांगते. ३० सप्टेंबर १९९३. मी सात वर्षांची. आदल्या दिवशीच गणपती बुडवून सगळे थकून झोपले होते. पहाटे चारच्या आसपास भांडी वाजली म्हणून लेन जागी झाली, थोडा वेळ बाहेर उभी राहिली आणि पुन्हा झोपायला गेली. किल्लारीचं नाव सकाळी रेडिओवर आलं. काकूंचं माहेर तिथून जवळच. लेनमध्ये फोन नव्हता, चौकातल्या एसटीडीवर रांग, लाईन लागत नव्हती. दुपारी काका, अण्णा, तात्या आणि आणखी चौघं कोणाचा तरी टेम्पो घेऊन निघाले. टेम्पोत भाकरी, चादरी आणि कंपनीतून मिळालेले जुने युनिफॉर्म. मला आठवतो तो भाकरींचा ढीग. बावीस घरांतल्या चुली, म्हणजे गॅस आणि स्टो, एकदम पेटलेले आणि सगळ्या लेनमध्ये ज्वारीच्या पिठाचा वास. काकूंचे आईवडील वाचले. घर गेलं. पुढचे पाच महिने ते दोघं समोरच्या घरात राहिले आणि आम्हाला आयते आजी-आजोबा मिळाले. तो म्हातारा रोज सकाळी आमच्या दारात येऊन भिंतीला हात लावून बघायचा. विटेची आहे ना, मातीची नाही ना. मग जायचा.

काकूंच्या घरी असे पाहुणे नंतरही आले. २०१६ च्या उन्हाळ्यात, जेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, तेव्हा त्यांची धाकटी बहीण दोन लेकरं घेऊन इथं राहिली. आमच्याकडं एमआयडीसीचं पाणी, जायकवाडीचं. कपात त्या वर्षी आम्हालाही होती, पण नळ आठवड्याभरानं येतो ही शहरातली तऱ्हा आमच्याकडं नाही. शहरातले नातेवाईक आमच्याकडं आले की जेवायच्या आधी आंघोळ करतात.

पुण्यात मी बारा वर्षं होते. वाकडला, अकराव्या मजल्यावर. तिथल्या ब्रोशरवर ‘फॅमिली कम्युनिटी’ असं लिहिलेलं होतं, झोपाळे होते, स्विमिंग पूल होता, पहारेकरी सलाम करायचा. शेजारचं दार उघडलं की मी आत थांबायचे, ते लिफ्टमध्ये शिरले की मग बाहेर पडायचे. तेही तेच करत असणार. वाईट लोक नव्हते. मुलगा आजारी पडला तेव्हा त्यांनी अ‍ॅपवरून संत्री पाठवली होती, आठ फुटांवरून. यापेक्षा जास्त पुण्याबद्दल लिहीत नाही, पुण्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

२०२१ मध्ये नवऱ्याला शेंद्र्याला नोकरी मिळाली, माझं काम घरून होणारं. आम्ही बजाजनगरला आलो, माहेरच्याच लेनमध्ये तीन घरं सोडून भाड्यानं. नवरा रोज अख्खं शहर ओलांडून जालना रोडनं शेंद्र्याला जातो. लोक विचारतात, तिकडंच का नाही राहत? तो माझ्याकडं बघतो. मी दुसरीकडं बघते. पहिल्या आठवड्यात माझा मुलगा दुपारी हरवला. चार वर्षांचा होता. वाकडच्या सवयीनं माझ्या पोटात गोळा आला, मी चप्पल न घालता धावत सुटले. गिरणीत सापडला. दादांनी त्याला पिठाच्या डब्यावर बसवून ठेवलं होतं. “आरएलचा हाय, माहितीये मला. फर्स्ट सुटल्यावर कुणीतरी नेलाच असता की.” मुलगा पांढरा झाला होता, भुवयांपर्यंत.

आषाढी एकादशीला तर आमचा रस्ताच बदलतो. आमच्या बाजूलाच पंढरपूर नावाचं गाव आहे, लोक त्याला छोटं पंढरपूर म्हणतात. ज्यांना मोठ्या पंढरपूरला जाणं जमत नाही त्यांचा विठोबा तिथं. पहाटेपासून शहरातून दिंड्या पायी यायला लागतात आणि ज्या नगर रोडवर एरवी कंटेनरशिवाय काही दिसत नाही तिथं टाळ वाजतात. कामगारांना त्या दिवशी कंपनी सुट्टी देईलच असं नाही. फर्स्ट शिफ्टवाले साडेतीनला सुटले की युनिफॉर्मवरच दर्शनाच्या रांगेत. मी लहान असताना आमच्या लेनचा केळी वाटायचा स्टॉल असायचा, आताही असतो. फरक इतकाच की आता केळी वाटताना पोरं व्हिडिओ काढतात. तशीच १४ जानेवारी. परभणीचे काका त्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घालून विद्यापीठाच्या गेटवर नामांतरदिनाला जातात. १९९४ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, त्या दिवसापासून एकही वर्ष चुकलं नाही, एकदा तर पायाला प्लॅस्टर असताना अ‍ॅपे रिक्षात आडवे बसून गेले. आणि येताना सगळ्या लेकरांसाठी पुस्तकं. माझ्याकडं चरित्रांचा जो गठ्ठा आहे तो त्यांनीच दिलेला.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, काय छान जागा. थांबा जरा. नगर रोड ओलांडताना माझा जीव आजही मुठीत असतो. रात्री वारा फिरला की कुठल्या तरी कंपनीचा वास येतो, नाकात चावणारा, आणि तो कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. जुलै २०२४ मध्ये टोयोटानं राज्य सरकारशी करार केला, कारखाना बिडकीनच्या बाजूला होणार म्हणतात, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या प्लॉटचे भावही दुधासारखे उतू गेलेत. जळगावच्या भाऊंनी घर विकलं. तिथं आता हॉस्टेल आहे, बावीस घरांची एकवीस झाली.

पण मला सलतं ते दुसरंच. अण्णांच्या वरच्या खोलीत एक पोरगा भाड्यानं राहतो, हिंगोलीकडचा. आयटीआय, फिटर. म्हणजे अगदी अण्णाच, अडतीस वर्षांनंतरचे. फरक असा की हा कॉन्ट्रॅक्टवर आहे. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, कधी दुसरीच कंपनी. तीन वर्षांत त्यानं चार रंगांचे युनिफॉर्म घातले. त्याला येळवशीला बोलावलं तर येतो, पोटभर जेवतो, खाली मान घालून जातो. लेनमधल्या कोणाचं नाव त्याला माहीत नाही. मी आईला म्हटलं, आजकालची पोरं मिसळतच नाहीत. आई पापड लाटता लाटता म्हणाली, “पुढच्या महिन्यात इथं असतो का नाही ते त्याला माहीत नाही. कशाला नावं पाठ करील?” मग मी गप्प बसले. आमच्या लेनमधला तो सगळा जिव्हाळा, ते मिक्सर न लावणं, गच्चीवरची कोप, भाकरींचा टेम्पो, त्याच्या खाली पर्मनंटचं एक टाइप केलेलं पत्र होतं हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आमच्या शेजारच्या रांजणगावात अशा पोरांच्या खोल्यांच्या चाळीच्या चाळी आहेत. त्यांना प्लॉट कोण देणार? त्यांची लेकरं कुठल्या लेनमध्ये मुक्यानं क्रिकेट खेळणार? अण्णा त्या पोराकडून भाडं कमी घेतात. वाढवलं का नाही विचारलं तर म्हणतात, विसरलो.

तर, अण्णांचं गाव. रिटायर झालं की गावाकडं जायचं, हे आमच्या घरात मी जन्मल्यापासून ठरलेलं होतं. गावी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, पीएफमधून. २०१५ च्या एप्रिलमध्ये अण्णा रिटायर झाले, कंपनीनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि मृगाच्या तोंडावर आई-अण्णा सामान घेऊन गावी गेले. लेनमधल्या बायका वेशीपर्यंत, म्हणजे महाराणा प्रताप चौकापर्यंत सोडायला आल्या. रडारड. आईनं मिक्सर कोपऱ्यावरच्या वहिनींना देऊन टाकला.

दसऱ्याच्या आधी दोघं परत. चार महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते. अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, पाण्याचा प्रश्न आहे. ते खोटं नव्हतं, त्या साली पाऊस नव्हताच, विहीर जुलैतच कोरडी होती. पण खरं कारण आईनं मला फोनवर हळू आवाजात सांगितलं. अण्णांना तिथं दुपारी साडेतीन वाजता काही सुधरत नसे. जेवून आडवे व्हायचे, बरोबर साडेतीनला उठायचे, शर्ट घालून ओट्यावर जाऊन बसायचे आणि रस्त्याकडं बघायचे. रस्त्यावरून कोणी येत नसे. गावातले तरणे सगळे पुण्याला नाहीतर उसाला, म्हातारे झोपलेले. अण्णा तासभर बसायचे आणि आत यायचे. “रोज बसायचे गं,” आई म्हणाली. “कोण सुटणार होतं तिथं?”

वहिनींनी मिक्सर परत केला. धुऊन, पुसून, जारच्या नव्या रबरासकट.

आता कळलं ना, पावती दाखवल्यावर ‘हा प्लॉट आहे’ म्हणणाऱ्या माणसाचं मला हसू का आलं ते. मी काही बोलले नाही. साडेतीन वाजत आलेच होते. अण्णांनी पापडांची राखण माझ्यावर सोपवली, खाली गेले, शर्ट घातला आणि गेटाजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

निबंध मुलानं त्याच रात्री पुन्हा लिहिला. मी मदत करणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं तो आजोबांकडं गेला. सकाळी वही दप्तरात भरताना मी वाचलं:

‘माझे गाव गेवराई तालुक्यात आहे. माझ्या गावात एक विहीर आहे. विहिरीत पाणी नाही. माझ्या गावात आमच्या दोन खोल्या आहेत. त्यांना कुलूप आहे. किल्ली आजोबांकडे आहे. माझ्या गावात दुपारी कोणी सुटत नाही. म्हणून आम्ही बजाजनगरला राहतो. माझे गाव मला खूप आवडते.’

शनिवारी वही परत आली. बाईंनी दहापैकी आठ दिलेत. खाली शेरा आहे, अक्षर सुधारा.